रोमन संगमरवरी प्रत कशी वाचावी: संग्रहालयात पुतळ्यासमोर करायच्या तपासणीचा क्रम

नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात ‘पॉलिक्लिटसचा भालाधारी’ पाहिला, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ग्रीक शिल्पकार पॉलिक्लिटसने आपला भालाधारी, म्हणजे डोरिफोरोस, इसवी सनपूर्व ४४०च्या सुमारास ब्राँझमध्ये ओतला होता आणि तो पुतळा आज जगात कुठेही नाही. नेपल्समध्ये आहे तो पॉम्पेईच्या व्यायामशाळेत १७९७ साली सापडलेला संगमरवर. तो मूळ पुतळ्यानंतर काही शतकांनी कुणा अनामिक कारखान्यात घडला. अशा प्रत्येक पुतळ्याला दोन काळ असतात, एक हरवलेल्या मूळ कृतीचा आणि दुसरा समोरच्या दगडाचा. बहुतेक लोक थेट पहिल्या काळावर उडी मारतात आणि रोमन पाथरवटाने केलेल्या गोष्टी ग्रीक शिल्पकाराच्या खात्यावर टाकतात. खालचा क्रम बरोबर उलटा आहे. आधी दगड वाचायचा, मग त्यामागचं ब्राँझ शोधायचं आणि शिल्पकाराचं नाव सगळ्यात शेवटी घ्यायचं.

सोबत लागतं ते थोडं: वही, पेन्सिल, फ्लॅश बंद केलेला फोन आणि जमल्यास छोटी दुर्बीण. केसांतल्या खुणा जमिनीवरून नीट दिसत नाहीत, तिथे दुर्बीण कामाला येते. एका पुतळ्याला पाऊण तास द्या. दिवसात चार पुतळे नीट पाहून होतात. चाळीस पाहायला गेलात तर एकही धड होत नाही.

१. पाटी वाचा, पण अर्धाच विश्वास ठेवा

पाटीवरून पाच गोष्टी उतरवून घ्या: नोंदणी क्रमांक, उंची, दगडाचा प्रकार, कुठे सापडला आणि कोणते भाग नंतर जोडलेले आहेत. शेवटच्या दोन बाबी पाटीवर बऱ्याचदा नसतात, आणि नेमक्या त्याच सगळ्यात महत्त्वाच्या. नोंदणी क्रमांक हातात असेल तर संग्रहालयाच्या ऑनलाइन सूचीत त्या नंतर शोधता येतात, म्हणून क्रमांकाचा फोटो आधी काढा.

‘ग्रीक मूळ कृतीवरून रोमन प्रत’ हे वाक्य पाटीवर दिसलं की ते निष्कर्ष म्हणून घेऊ नका, दावा म्हणून घ्या. त्यात तीन वेगळी विधानं एकत्र बांधलेली असतात: दगड रोमन काळात घडला, त्यामागे एक विशिष्ट ग्रीक पुतळा होता, आणि ही त्याची प्रामाणिक नक्कल आहे. पहिलं विधान बहुधा टिकतं. दुसरं पुष्कळदा टिकतं. तिसरं प्रत्येक वेळी तपासावं लागतं.

२. चेहऱ्याकडे न बघता एक फेरी मारा

चेहरा डोळ्यांना धरून ठेवतो, म्हणून तो शेवटी पाहायचा. समोरून सुरुवात करून पुतळ्याभोवती आठ ठिकाणी थांबा आणि प्रत्येक ठिकाणी एक फोटो घ्या. कॅमेरा पुतळ्याच्या कंबरेच्या उंचीवर धरा. खालून वर काढलेल्या फोटोत पाय मोठे आणि डोकं लहान दिसतं, मग दोन प्रतींची तुलना करताना नसलेले फरक दिसू लागतात.

पाठीमागे गेल्यावर थांबून बघा. पाठ पुढच्या बाजूइतकी गुळगुळीत आहे, की दातेरी छिन्नीचे समांतर ओरखडे तसेच सोडलेत? ओबडधोबड पाठ असेल तर पुतळा कोनाड्यात किंवा भिंतीला लागून उभा राहण्यासाठी केला होता, असं मानायला जागा आहे. ही माहिती रोमन गिऱ्हाइकाची आहे. मूळ ब्राँझ चहूबाजूंनी पाहण्याजोगं असूही शकतं.

३. टेकू मोजा

इथे घाई करू नका, कारण प्रतीचं सगळ्यात जास्त गुपित टेकूंमध्ये असतं.

पावणेदोन मीटर उंचीच्या, ७५ किलोच्या माणसाचं आकारमान साधारण ०.०७५ घनमीटर भरतं. तेवढाच माणूस भरीव संगमरवरात केला तर दगडाच्या घनतेने, म्हणजे घनमीटरला सुमारे २,७०० किलो धरून, वजन २०० किलोच्या आसपास जातं. नेपल्सचा भालाधारी २.१२ मीटर उंच आहे. उंची सव्वापटीच्या आत वाढली तरी आकारमान तिच्या घनाने वाढतं, त्यामुळे नुसत्या शरीराचं वजन साडेतीनशे किलोच्या पुढे सरकतं. हे सगळं वजन दोन घोट्यांवर येतं, आणि भालाधाऱ्याच्या बाबतीत तर मुख्यतः एकाच, कारण दुसरा पाय टाच उचलून मागे टेकलेला आहे. दगड दाब सहज झेलतो, पण वाकवलं किंवा ताणलं की तडकतो. ओतीव ब्राँझ आतून पोकळ असतं, भिंत काही मिलिमीटरचीच, आणि धातू ताण सहन करतो. म्हणून ब्राँझचा खेळाडू दोन पायांवर मोकळा उभा राहतो, आणि तोच संगमरवरात आला की त्याच्या पायाशी झाडाचा बुंधा उगवतो.

वहीत तीन प्रकार वेगळे लिहा. पहिला, पायाला चिकटलेला मोठा आधार: बुंधा, खांब, घडा, ढाल. दुसरा, दोन अवयवांमधला दगडी पूल: मनगट ते मांडी, पोटरी ते पोटरी, बोट ते बोट. तिसरा, पूल तुटून गेल्यावर उरलेला खुंट किंवा चौकोनी ठसा. हा तिसरा नवख्याच्या नजरेतून सुटतो, पण त्यावरून हरवलेला हात कुठे होता ते कळतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कंबरेपाशी आणि खांद्यावर असे ठसे खास शोधा.

मग प्रत्येक आधाराला एकच प्रश्न विचारायचा: हा काढला तर मूर्तीची कथा बिघडते का? भालाधाऱ्याचा बुंधा काढला तर काहीही बिघडत नाही, म्हणजे तो प्रत करणाऱ्याची सोय आहे. ग्रीक शिल्पकार प्रॅक्सिटेलीसचा पाल मारणारा अपोलो देव मात्र झाडाला रेललेला आहे आणि पाल त्या झाडावर चढते आहे. तिथलं झाड कथेचाच भाग.

आता जिथे हमखास पाय घसरतो त्या जागा.

टेकू आहे म्हणून मूळ कृती ब्राँझचीच होती, असं ठरत नाही. प्रॅक्सिटेलीसची निडोस शहरातली अफ्रोडायटी देवी मुळातच संगमरवराची होती. तिच्या शेजारचा घडा आणि त्यावर टाकलेलं वस्त्र हा आधार मूळ कृतीत असणं अगदी शक्य आहे. व्हॅटिकनमधल्या तिच्या कोलोन्ना प्रतीचा खालचा भाग, जाता जाता सांगायचं तर, १९३२पर्यंत धातूच्या वस्त्राने झाकून ठेवला होता. जुन्या फोटोंत ती नेसलेली दिसली तर ती वेगळी प्रत समजू नका. ऑलिंपियाला १८७७ साली सापडलेल्या हर्मीस देवाच्या पुतळ्यालाही बुंधा आणि कंबरेशी पूल दोन्ही आहेत, आणि तो प्रॅक्सिटेलीसच्या हातचा की नंतरचा यावर वाद चालूच आहे.

आधार कधीकधी अर्थही बदलतो. डेलोस बेटावर सापडलेला आणि अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात असलेला डायाड्युमेनोस पाहा. पॉलिक्लिटसचा, डोक्याला विजयाची फीत बांधणारा खेळाडूच तो. पण त्याच्या बुंध्यावर अंगरखा टाकलाय आणि बाणांचा भाता अडकवलाय. भाता आला की मनात धनुर्धारी देव अपोलो येतो. हा भाता पॉलिक्लिटसचा मानला तर त्याच्यावर पुढे बांधलेला सगळा तर्क कोसळतो.

आणि काही वेळा प्रश्न सुटतच नाही. १८८० साली अथेन्समध्ये सापडलेली वार्वाकेयन अथेना ही पार्थेनॉन मंदिरातल्या, शिल्पकार फिडियसच्या सोन्या-हस्तिदंताच्या मूर्तीची छोटी प्रत आहे. प्रत जेमतेम मीटरभर, मूळ मूर्ती सुमारे बारा मीटर. देवीच्या उजव्या तळहातावर विजयदेवता उभी आहे आणि त्या हाताखाली एक खांब आहे. तो खांब मूळ मूर्तीत होता की संगमरवराच्या नाजूक हाताला दिलेला टेकू आहे? अभ्यासक अजूनही दोन्ही बाजूंनी भांडतात. तुम्ही वहीत ‘अनिर्णीत’ लिहा. तोही निष्कर्षच आहे.

४. दगड ओळखा, जमेल तेवढाच

नुसत्या डोळ्यांनी खाण सांगता येते, असा आव आणू नये. तरी काही अंदाज बांधता येतात, आणि ते तुटलेल्या भागावर बांधायचे, कारण घासून चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर कण दिसत नाहीत.

अथेन्सजवळच्या पेंटेली डोंगराचा दगड बारीक कणांचा असतो, त्यात अभ्रकाचे हिरवट-करडे पट्टे असतात, आणि त्यातल्या लोहामुळे तो काळाबरोबर मधाळ पिवळा होतो. त्या पट्ट्यांच्या रेषेत तो सोलल्यासारखा फुटतो. पारोस बेटाचा उत्तम दगड प्रकाश आत घेतो, म्हणून कानाची पाळी किंवा बोटांच्या कडा उजेडासमोर उजळलेल्या दिसतात. नॅक्सोस बेटाच्या दगडाचे कण मोठे, मिठाच्या खड्यांसारखे लुकलुकणारे. इटलीतल्या लुना, म्हणजे आजच्या कॅराराच्या खाणींचा दगड अतिशय बारीक आणि एकसारखा, किंचित निळसर-करड्या छटेचा. या खाणींचं काम इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या मध्यापासून मोठ्या प्रमाणावर सुरू झालं, त्यामुळे दगड कॅराराचा ठरला तर पुतळा त्याआधीचा असण्याची शक्यता फार थोडी उरते. ही एकच कसोटी पुष्कळ गोंधळ वाचवते.

उलट दिशेने मात्र ती लावू नका. पारोस किंवा पेंटेलीचा दगड आहे म्हणून पुतळा ग्रीक काळातला, हा तर्क चुकीचा. या खाणी रोमन काळातही जोरात चालू होत्या, आणि अथेन्सचे कारखाने तयार पुतळे जहाजाने इटलीला पाठवत.

पक्की ओळख प्रयोगशाळेत होते. कार्बन आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं प्रमाण मोजून खाण शोधण्याची पद्धत १९७२मध्ये पुढे आली. थासोस बेटावरचा डोलोमाइट जातीचा दगड सौम्य आम्लाच्या थेंबाने जवळजवळ फसफसत नाही, तर इतर संगमरवर लगेच फसफसतात. ही चाचणी संग्रहालयाचे लोक पडलेल्या कणावर करतात. प्रेक्षकाने अर्थातच नाही.

५. हत्यारांच्या खुणांवरून प्रतीचा काळ

आता केसांकडे आणि वस्त्रांच्या घड्यांकडे वळा. टाकीने मोठा दगड उडवतात, दातेरी छिन्नीने आकार जवळ आणतात, सपाट छिन्नी आणि कानस पुढचं काम करतात, आणि शेवटी वाळू-दगडाने घासणी होते. खोल जागांसाठी सामता, म्हणजे दोरीने फिरवायचं छिद्रक, वापरत.

सामत्याचं काम तीन रूपांत दिसतं. सुटी गोल भोकं: ओठांच्या कोपऱ्यात, नाकपुड्यांत, कानात, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात. एका ओळीतली भोकं, मधल्या पातळ भिंती न फोडलेली. आणि सलग चर. केसांच्या बटांमधून असे खोल चर सर्रास काढलेले, बटांमध्ये छोटे दगडी पूल तसेच राहिलेले आणि त्वचा चिनीमातीसारखी घासलेली असेल, तर काम इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धाकडे झुकतं. पहिला रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळातल्या चांगल्या प्रतींमध्ये केस बहुतेक छिन्नीने कोरलेले, उथळ आणि काटेकोर असतात, म्हणून त्या ब्राँझच्या जास्त जवळच्या वाटतात.

बुबुळाची कसोटी सगळ्यांना ठाऊक असते आणि तिथेच गफलत होते. रोमन सम्राट हेड्रियनच्या काळापासून, साधारण इसवी सन १३०च्या सुमारास, रोमन व्यक्तिचित्रांत बुबुळ कोरायला सुरुवात झाली. त्यामुळे कोरलेलं बुबुळ दिसलं तर काम त्यानंतरचं, हे बहुधा बरोबर. पण जुन्या ग्रीक कृतींच्या प्रती करताना डोळा मुद्दाम कोरा ठेवून वर रंगवण्याची रीत पुढेही चालू राहिली. म्हणून कोरा डोळा पाहून ‘आधीचा’ म्हणता येत नाही.

बैठकीचा पाट, बुंध्यावरची साल आणि फांद्यांचे छाटलेले खुंट यांचेही फोटो घ्या. मूळ कृतीत नसलेल्या या भागांत कारखान्याचा स्वतःचा हात मोकळा दिसतो. एकाच कारखान्याच्या दोन वेगळ्या पुतळ्यांचा संबंध पुष्कळदा चेहऱ्यापेक्षा बुंध्यावरून लागतो.

६. जोड वेगळे काढा

सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकात इटलीतून निघालेला जवळजवळ प्रत्येक पुतळा विकण्याआधी ‘पूर्ण’ केला जाई. नाक तर बहुतेकांचं नवं असतं. हात, पाय, डोकी नवी करत, किंवा दुसऱ्याच पुतळ्याचं प्राचीन डोकं बसवत. हे न ओळखता केलेलं वर्णन अठराव्या शतकातल्या शिल्पकाराचं वर्णन ठरतं.

जोड ओळखायचा तो सांध्याच्या रेषेवरून. नैसर्गिकरीत्या तुटलेले प्राचीन तुकडे परत चिकटवले तर रेघ वेडीवाकडी जाते. दुरुस्ती करणाऱ्याने नवा भाग बसवताना मात्र तुटलेली बाजू सपाट कापून घेतलेली असते, कारण नवा दगड सपाट बाजूवरच नीट बसतो. म्हणून मनगटाभोवती, मानेभोवती किंवा गुडघ्याखाली सरळ, स्वच्छ रेघ दिसली की पलीकडचा भाग संशयित. दुसरी खूण पृष्ठभागाची. शतकानुशतकं मातीत राहिलेल्या दगडावर मुळांच्या तपकिरी, जाळीदार रेषा, बारीक खड्डे, खनिजांचे थर असतात. जोडलेल्या हातावर ते नसतात. पण सावध: जुने दुरुस्तीकार प्राचीन भागही आम्लाने किंवा घासून ‘स्वच्छ’ करत, मग दोन्ही सारखेच दिसतात.

सरळ रेघ म्हणजे आधुनिकच, असंही नाही. रोमन कारखाने हात आणि डोकी बऱ्याचदा वेगळ्या दगडातून करून जोडत. प्राचीन जोडाची बाजू चिकटण्यासाठी टाकीने खडबडीत केलेली असते आणि मध्ये लोखंडी खुंटीचं भोक असतं, भोवती गंजाचा डाग, कधी शिशाचा अवशेष.

काही नमुने डोक्यात पक्के असावेत:

ब्रिटिश म्युझियममधला, टाउनले या संग्राहकाच्या नावाने ओळखला जाणारा थाळीफेक्या ही ग्रीक शिल्पकार मायरनच्या पुतळ्याची प्रत. तो १७९१ साली रोमजवळच्या तिवोलीला हेड्रियनच्या वाड्यात सापडला. त्याचं डोकं दुरुस्तीत पुढे, जमिनीकडे वळवून बसवलंय. ल्युशियन या प्राचीन ग्रीक लेखकाने या पुतळ्याचं वर्णन करताना तो थाळीच्या हाताकडे वळून पाहतो असं स्पष्ट म्हटलंय, आणि १७८१ साली रोममध्ये सापडलेल्या लान्सेलोत्ती प्रतीत तो तसाच पाहतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०१७-१८च्या ‘भारत आणि विश्व’ प्रदर्शनात आला होता तो हाच टाउनलेचा. तेव्हाचे फोटो कुणाकडे असतील तर मानेचा सांधा मोठा करून बघावा.

रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयातला ‘कोसळणारा योद्धा’ हा मुळात थाळीफेक्याचाच प्राचीन धड आहे. मोनो या फ्रेंच शिल्पकाराने त्याला हातपाय लावून जखमी लढवय्या केला. धड तिरकं करून मनात उभं करा, थाळी दिसू लागते.

फर्नेझे हर्क्युलिस, ३.१७ मीटरचा, रोममधल्या कॅराकॅलाच्या स्नानगृहात १५४६मध्ये पायांशिवाय मिळाला. गुल्येल्मो देल्ला पोर्ताने नवे पाय केले. पुढे खरे पाय सापडले, तरी नव्यांचं कौतुक इतकं होतं की जुने परत बसायला १७८७ उजाडलं. त्यामुळे मधल्या काळातल्या रेखाचित्रांत आणि ओतीव प्रतींत दिसतात ते पाय सोळाव्या शतकाचे.

७. साच्याच्या खुणा शोधा

प्रत करणाऱ्यासमोर मूळ पुतळा क्वचितच असे. प्लास्टरचा ओतीव साचा असे. याचा थेट पुरावा नेपल्सजवळच्या बायेला १९५४मध्ये निघाला. तिथे प्रसिद्ध ग्रीक ब्राँझ पुतळ्यांवरून घेतलेल्या प्लास्टरचे शेकडो तुकडे मिळाले. त्यात अथेन्सच्या ‘जुलमी सत्ताधीशाचा वध करणाऱ्या’ जोडीपैकी अरिस्टोगायटनच्या चेहऱ्याचा तुकडाही आहे. ल्युशियनच्या एका विनोदी संवादात तर अथेन्सच्या बाजारातला हर्मीसचा पुतळा रोज साचे घेणाऱ्यांच्या डांबराने माखलेला असतो.

प्लास्टरवरून दगडावर मापं नेण्यासाठी ठरावीक बिंदू घेत: हनुवटी, कपाळावरच्या बटा, गुडघे, छाती. दगडात त्या ठिकाणी छोटे उंचवटे ठेवत, कधी त्यांत मध्ये छिद्र, आणि शेवटी ते कापून टाकत. कुठे कापायचे राहून गेले तर केसांत अकारण उठलेलं बटण दिसतं. दुर्बिणीने तेच शोधायचं. कंपास, ओळंबा आणि पुष्कळ धीर, एवढ्यावर हे काम चाले. आजचं बिंदुमापन यंत्र अठराव्या शतकातलं आहे. ते रोमन कारखान्यात कल्पू नका.

बिंदू कमी असले की मधली जागा अंदाजाने भरली जाते. चेहरा आणि छाती यांना बिंदू जास्त मिळतात. म्हणून दोन प्रती कपाळाच्या बटांत तंतोतंत जुळतात आणि पाठीच्या केसांत मुळीच जुळत नाहीत.

८. प्रतींची आपसांत तुलना

एकट्या प्रतीवरून मूळ कृतीबद्दल फार बोलू नये. किमान तीन प्रती घ्या, शक्यतो वेगवेगळ्या ठिकाणी सापडलेल्या. सुरुवात कपाळावरच्या बटांपासून करा, कारण पाथरवटाने त्या मनाने जुळवणं अवघड. मधल्या भांगापासून डावीकडे आणि उजवीकडे बटा मोजा, प्रत्येकीचं टोक कुठे वळतं ते रेखाटा. क्रम जुळला तर प्रती एकाच साच्याच्या वंशातल्या. मग डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांतलं अंतर, हनुवटी ते केसांची रेषा, स्तनाग्रांतलं अंतर आणि बेंबी ते गळ्याचा खळगा ही मापं, ऑनलाइन सूचीत मोजपट्टीसह फोटो असतील तर, गुणोत्तरात काढा. गुणोत्तरच घ्यायचं, कारण प्रती लहानमोठ्या असू शकतात.

यासाठी रोमचं पलाझ्झो मास्सिमो संग्रहालय उत्तम. थाळीफेक्याच्या दोन प्रती तिथे शेजारी शेजारी आहेत: लान्सेलोत्ती, आणि कॅस्टेलपोर्झियानोला १९०६मध्ये सापडलेलं बिनडोक्याचं शरीर. पहिलीचं डोकं शाबूत, पण त्वचा गुळगुळीत, स्नायू जरा साबणासारखे निसटते. दुसरीचे बरगड्या आणि पोटाचे भाग जास्त ताठ आणि धारदार, ब्राँझची आठवण देणारे. मायरनचा पुतळा कसा असेल याचा अंदाज घ्यायला डोकं एकीकडून आणि धड दुसरीकडून, असं मनात जोडावं लागतं. प्लास्टरमध्ये हा प्रयोग विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच झाला आहे.

जे सगळ्या प्रतींत समान, ते सामाईक पूर्वजाकडून आलं. जे एकातच आहे, ते त्या कारखान्याचं. एवढा नियम पुरेसा. मात्र हा सामाईक पूर्वज इसवी सनपूर्व पाचव्या शतकातला ग्रीक पुतळाच असेल, हे नियम सांगत नाही. पासिटेलीस या शिल्पकाराच्या शिष्याने, स्टेफानोसने, सही केलेला तरुण खेळाडू जुन्या धाटणीचा दिसतो, पण तो इसवी सनपूर्व पहिल्या शतकात इटलीत रचलेला आहे, आणि त्याच्याही प्रती निघाल्या.

९. आता शिल्पकाराचं नाव

नाव जोडायला लेखी पुरावा लागतो: प्लिनी, पॉसेनियस, ल्युशियन यांसारखे प्राचीन लेखक, किंवा पुतळ्यावरचा लेख. प्रतीवरची सही प्रत करणाऱ्याची असते. कॅपिटोलाइनमधल्या जखमी अॅमेझॉनवर (ग्रीक कथांतली लढवय्यी स्त्री) सोसिक्लीसचं नाव आहे, फर्नेझे हर्क्युलिसवर अथेन्सच्या ग्लायकॉनचं. मूळ हर्क्युलिस ग्रीक शिल्पकार लिसिपसचा मानतात.

वर्णन नेमकं असेल तर काम सोपं. वार्वाकेयन अथेना पॉसेनियसच्या वर्णनाशी मुद्द्यामुद्द्याने जुळते: शिरस्त्राणावर स्फिंक्स, हातावर विजयदेवता, ढालीशी सर्प. भालाधाऱ्याचं तसं नव्हतं. पुतळा १७९७पासून डोळ्यांसमोर होता, तो डोरिफोरोस आहे हे फ्रीडरिख्सने १८६३मध्ये दाखवलं. अॅमेझॉनचं तर अजून ठरलेलं नाही. प्लिनी म्हणतो की इफिससला शिल्पकारांनी चढाओढीने अॅमेझॉन घडवल्या, आणि प्रत्येकाने आपल्याखालोखाल पॉलिक्लिटसला मत दिलं. आपल्यापुढे प्रामुख्याने तीन धाटण्या आहेत: शार्रा, मात्तेई आणि सोसिक्लीसच्या सहीची. कोणती कुणाची, यावर प्रत्येक पिढीने नवी वाटणी केली आहे. पाटीवर ठाम नाव दिसलं तर त्यापुढे प्रश्नचिन्ह काढा.

१०. रंग आणि नोंद

संगमरवर पांढराच राहावा म्हणून कोरलेला नव्हता. केसांच्या खोल चरांत, कानामागे, वस्त्राच्या काठाखाली तांबडा-पिवळा कण दिसतो का ते पाहा. कोरं बुबुळही रंगानेच भरलेलं असे. इजिप्शियन निळा डोळ्यांना दिसत नसला तरी साध्या प्रकाशात अवरक्त कॅमेऱ्यात चमकतो, म्हणून संग्रहालयाने असे फोटो प्रसिद्ध केले असतील तर जरूर बघा.

नोंद दोन स्तंभांत करा. डावीकडे दगडाबद्दल: खाणीचा अंदाज, हत्यारं, टेकू, जोड, सापडल्याची जागा, त्यावरून प्रतीचा काळ. उजवीकडे मूळ कृतीबद्दल: धातू की दगड, इतर प्रती, लेखी उल्लेख, संभाव्य शिल्पकार. उजव्या स्तंभातल्या प्रत्येक वाक्यापुढे ते डावीकडच्या कोणत्या नोंदीवर उभं आहे त्याचा आकडा टाका. ज्याला आकडा मिळत नाही ते वाक्य खोडा.

सरावासाठी खऱ्या प्रतींइतकाच उपयोग प्लास्टर संग्रहांचा होतो, कारण जगभर विखुरलेल्या प्रती तिथे एका खोलीत येतात. रोमच्या सापिएंझा विद्यापीठात असा संग्रह आहे, आणि ऑक्सफर्डला अॅशमोलियनमधला तर विनामूल्य पाहता येतो. इकडे, ब्रह्मपुरीच्या उत्खननातून आलेला कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयातला पोसायडन बघावा. तो संगमरवराचा नाही, छोटा ब्राँझचा आहे, भूमध्यसागराकडून व्यापाराने आलेला आणि एका मोठ्या ग्रीक धाटणीचा लहान अवतार. त्यावर वरचा क्रम चालवून पाहा: टेकूचा आणि खाणीचा टप्पा गळतो, बाकीचे बहुतेक लागू पडतात.